हातोडा आणि हप्ता

२९ ऑक्टोबर १९६९. अमेरिकेच्या दक्षिणेकडे जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचं एक गाव आहे. त्या गावाबाहेरच्या एका शेतावर, फळ्या ठोकून केलेल्या लहानशा खोपीत एक सत्तावन्न वर्षांचा माणूस प्रवचनाची तयारी करत बसला होता. तिथेच हृदय बंद पडून तो गेला. नाव क्लॅरन्स जॉर्डन. मृत्यूची नोंद करायला सरकारी अधिकारी शेतावर यायला तयार होईना, तेव्हा मिलार्ड फुलर या तरुण सहकाऱ्याने मृतदेह गाडीत घातला आणि आपणच गावात नेला. दफन शेतावरच्याच टेकाडावर झालं. शवपेटी विकत आणलेली नव्हती. भारी शवपेट्या ज्या लाकडी खोक्यातून पाठवतात, तसलं एक खोकं मिळवलं होतं. माती लोटून होत आली तरी काय बोलावं ते कुणाला सुचेना. तेवढ्यात फुलर दांपत्याची दोन वर्षांची मुलगी पुढे झाली आणि आपल्याला येत होतं ते गाणं म्हणू लागली. वाढदिवसाचं.

त्या दिवशी शेताच्या एका अंगाला सिमेंटच्या ठोकळ्यांचं एक घर पुरं व्हायच्या बेतात होतं. एका काळ्या शेतमजूर कुटुंबाचं. हे घर ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांना ते पुरं झालेलं दिसलं नाही.

या घरापासून पुढे जे उभं राहिलं ते आज ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या नावाने जगाला माहीत आहे. पण त्याचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते हातोड्याचं: माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर डोक्याला रुमाल बांधून खिळे ठोकताहेत, कुणी सिनेनट घमेलं उचलतोय. कित्येकांना तर ही संस्था कार्टर यांनीच काढली असं वाटतं. कार्टर आले ते स्थापनेनंतर आठ वर्षांनी. आणि हातोडा हा या गोष्टीतला फोटो काढण्याजोगा भाग आहे, एवढंच. खरी करामत एका साध्या वहीत होती. कुणाकडून दरमहा किती हप्ता जमा झाला, याची वही.

वहीकडे यायच्या आधी शेताकडे जायला हवं.

क्लॅरन्स जॉर्डन जॉर्जियाचेच. जॉर्जिया विद्यापीठातून शेतकीची पदवी घेतली १९३३ मध्ये, आणि नंतर धर्मशास्त्राकडे वळून ‘नव्या करारा’च्या ग्रीक भाषेत डॉक्टरेट. नांगर आणि ग्रीक व्याकरण दोन्ही हातात असलेला माणूस दुर्मीळच. १९४२ मध्ये त्यांनी पत्नी फ्लॉरेन्स आणि ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून राहून आलेलं इंग्लंड दांपत्य यांच्या साथीने ४४० एकर जमीन घेतली आणि तिला नाव दिलं कोइनोनिया. ग्रीक शब्द; अर्थ सहभाग, सामाईकपणा. त्या शेतावर काळे आणि गोरे एका टेबलाशी बसून जेवत, आणि कामाची मजुरी रंग बघून ठरत नसे.

१९४२ च्या जॉर्जियात काळ्या माणसाने गोऱ्याच्या पंगतीला बसणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायची गरज नाही. महाडच्या तळ्याला तेव्हा पंधराच वर्षं झाली होती. सुरुवातीची काही वर्षं गावाने नाक मुरडण्यावर भागवलं. १९५० मध्ये जवळच्या चर्चने कोइनोनियाच्या गोऱ्या मंडळींना सभासदत्वातून काढलं. पण खरा कहर झाला १९५६ पासून. अटलांटाच्या एका गोऱ्यांच्या सरकारी कॉलेजात प्रवेश मागणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांना जॉर्डन यांनी मदत करू पाहिली, आणि बातमी गावात पोचली.

त्यानंतर अमेरिकसने शेतावर बहिष्कार घातला. अगदी आपल्याकडच्या गावकीने वाळीत टाकावं तसा. बी-बियाणं मिळेना, खत मिळेना, पेट्रोल मिळेना. विमा रद्द झाला. शेतावरची अंडी कुणी घेईना. रस्त्याकडेला त्यांचं विक्रीचं दुकान होतं, ते सुरुंग लावून उडवलं. रात्री येता-जाता घरांवर गोळ्या झाडल्या जात. अमेरिकसमधल्या एका पशुखाद्याच्या व्यापाऱ्याने बहिष्कार मोडून त्यांना माल दिला, तर १९५७ मध्ये त्याच्या दुकानात बॉम्ब फुटला. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून डोरोथी डे आल्या. कॅथलिक कामगार चळवळीच्या त्या प्रमुख, साठीच्या उंबरठ्यावरच्या बाई. रात्रीच्या पहाऱ्याला गाडीत बसल्या असताना त्यांच्याही गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या.

स्थानिक बाजार बंद झाला म्हटल्यावर जॉर्डन यांनी टपालाचा आधार घेतला. शेतात पेकान पिकत. अक्रोडाच्या जातीचं हे फळ त्यांनी फोडून, पाकिटात भरून देशभर पोस्टाने विकायला सुरुवात केली. जाहिरातीचं वाक्य होतं, जॉर्जियातले ‘नट्स’ बाहेर पाठवायला आम्हाला हातभार लावा. इंग्रजीत ‘नट’ म्हणजे कवचाचं फळही आणि डोकं फिरलेला माणूसही. घरावर गोळ्या झाडणाऱ्यांचीच अशी फिरकी घेत या शेताने दिवस काढले.

तरी माणसं गळत गेली. साठचं दशक सरता सरता कोइनोनियावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबं उरली. जॉर्डन खोपीत बसून बायबलचं भाषांतर करत: जेरुसलेमच्या जागी अटलांटा, पॅलेस्टाइनच्या जागी जॉर्जियाची कापसाची रानं. आपल्याकडे संतांनी देवाला जात्यावर नि मळ्यात आणून बसवलं, त्याच जातीचं काम. पण शेत मरणपंथाला लागलंय हे त्यांना दिसत होतं.

आणि इथे फुलर येतात.

मिलार्ड फुलर शेजारच्या अलाबामाचे, जन्म १९३५ चा. कायद्याचं शिक्षण घेता घेताच त्यांनी एका मित्राबरोबर टपालाने माल विकायचा धंदा थाटला. ट्रॅक्टरच्या सीटवर घालायच्या गाद्या, पाककृतींची पुस्तकं, जे खपेल ते. तिशी गाठायच्या आत ते लक्षाधीश झाले. मोठं घर, नोकरचाकर, तळ्याकाठी दुसरं घर. फक्त घरी नवरा नव्हता. तो ऑफिसात होता. १९६५ च्या नोव्हेंबरात पत्नी लिंडा घर सोडून न्यूयॉर्कला निघून गेली. फुलर मागोमाग गेले. दोघांचं मनोमीलन झालं, आणि ठरलं की पैसा वाटून टाकायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. असं पुष्कळ जण रागाच्या किंवा रडण्याच्या भरात ठरवतात. यांनी खरोखर वाटला.

त्यानंतर डिसेंबरात एका मित्राला भेटायला म्हणून ते कोइनोनियावर उतरले. तास-दोन तास थांबायचं म्हणून आलेलं कुटुंब महिनाभर राहिलं. फुलर जॉर्डन यांच्यामागे शेतभर हिंडत आणि प्रश्न विचारत. १९६८ मध्ये ते कायमचे राहायला आले तेव्हा बोलणी नेमक्या प्रश्नावर आली: आता करायचं काय?

जॉर्डन यांचं निदान शेतकऱ्याचं होतं. यंत्रं आली, कापसाच्या रानातली माणसं निरुपयोगी झाली. काळी कुळं कुणाच्या तरी जमिनीवरच्या लाकडी झोपड्यांत राहत. आत नळ नाही, संडास नाही, फळ्यांच्या फटींतून वारा. घर बांधायचं तर कर्ज हवं, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला बँक दारात उभी करत नाही. अशा माणसाला धर्मादाय नको आहे, भांडवल हवं आहे. त्याची पाहणी करून अहवाल लिहिणारा नको, बरोबर काम करणारा हवा आहे. जॉर्डन यांच्या म्हणण्याचा मथितार्थ हा. त्यासाठी एक निधी काढायचा, ‘फंड फॉर ह्युमॅनिटी’. ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यात दान द्यावं, किंवा बिनव्याजी हातउसने द्यावेत. त्यातून घर बांधायचं, आणि ते गरजूला विकायचं. फुकट द्यायचं नाही. मात्र नफा शून्य, व्याज शून्य, आणि फेड वीस वर्षांत. आलेला प्रत्येक हप्ता पुन्हा निधीत, पुढच्या घरासाठी.

शेताच्या एका बाजूला अर्ध्या-अर्ध्या एकराचे ४२ भूखंड आखले गेले.

कागदावर हे फार साधं दिसतं, म्हणून हिशेब मांडून पाहू. समजा घराला ६,००० डॉलर लागले. वीस वर्षं म्हणजे २४० महिने. हप्ता २५ डॉलर. तेच पैसे सहा टक्के व्याजाने घेतले तर हप्ता जवळजवळ ४३ डॉलरवर जातो आणि वीस वर्षांत माणूस दहा हजारांच्या वर रक्कम भरतो. म्हणजे गरिबाला घर परवडत नाही ते केवळ विटा-सिमेंटामुळे नव्हे. हप्त्याच्या पाचांतले दोन भाग व्याजाचेच. ‘गरिबाला उसनं दिलंस तर व्याज लावू नकोस’ ही जुन्या करारातली आज्ञा आहे, आणि ती अमेरिकेतल्या प्रत्येक चर्चमध्ये वाचली जात होती. जॉर्डन आणि फुलर यांनी ती कर्जखात्यात उतरवली. आता मुद्दलाचं बघा. एका घराच्या २५ डॉलरने काही होत नाही. वीस घरांचे महिन्याला ५०० होतात, वर्षाचे ६,०००. म्हणजे वीस कुटुंबं वर्षाला एक नवं घर उभं करतात, आणि हे करणारे दाते नसतात, काल झोपडीत राहणारेच असतात. दान घेणारा माणूस एका पिढीत दाता होतो, तेही २५-२५ डॉलरने, स्वतःला न कळत. त्या वहीची ताकद ती.

दुसरी अट अंगमेहनतीची. ज्याचं घर त्याने कामावर यायचं, स्वतःच्या घरावर आणि दुसऱ्याच्याही. पुढे नियम आले, शेकडो तासांची मोजणी आली, पण मुळात ही गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याला नव्याने शिकवावी लागली नसती. सावड म्हणा, इर्जिक म्हणा: आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. घर शाकारायलाही गावची माणसं अशीच जमत, घरधनिणीने संध्याकाळी जेवण घालायचं की झालं. फरक एवढाच की सावडीत सगळ्यांची ऐपत साधारण सारखी असते आणि सगळे एका गावचे, बहुधा एका जातीचे असतात. कोइनोनियाच्या सावडीत वकील, शेतमजूर, कॉलेजातली पोरं, काळे-गोरे सगळे एका भिंतीला लागले. बहिष्कार घातलेल्या गावाच्या वेशीवर ते घडलं याला महत्त्व आहे. एरवी बांधकाम म्हणजे बांधकाम.

जॉर्डन गेले आणि काम फुलर यांच्या अंगावर आलं. घरं होत गेली. १९७३ मध्ये फुलर कुटुंब आफ्रिकेत, झाईरमधल्या म्बांडाका या शहरी गेलं. हा प्रयोग परक्या मातीत रुजतो का ते बघायला. तिथे सिमेंटचे ठोकळे पाडण्याचा कारखाना, कधी सिमेंट नाही तर कधी डिझेल नाही, आणि साहेबी काळात गोऱ्यांची वस्ती काळ्यांपासून तोडण्यासाठी मोकळी ठेवलेली जमीन. त्या पट्ट्याचं स्थानिक भाषेतलं नाव ‘बोकोटोला’, म्हणजे ज्याला माणसं आवडत नाहीत तो. नेमक्या त्याच पट्ट्यावर घरं उभी राहिली. तीन वर्षांनी परतल्यावर, सप्टेंबर १९७६ मध्ये, फुलर यांनी कोइनोनियावर माणसं जमवून संस्थेची रीतसर स्थापना केली. भारतात ती १९८३ मध्ये आली, पहिलं काम तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये.

१९७६. त्याच वर्षी कोइनोनियापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या प्लेन्स गावचा एक भुईमुगाचा शेतकरी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडून आला. त्याच्या निवडणूक मोहिमेचा सूत्रधार हॅमिल्टन जॉर्डन हा क्लॅरन्स यांचा सख्खा पुतण्या. जग लहान असतं, जॉर्जियाचा हा कोपरा तर फारच लहान. तरी कोइनोनिया गोळ्या झेलत होतं त्या वर्षांत कार्टर काही तिथे उभे राहिलेले दिसत नाहीत. गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या परिषदेत सामील व्हायला त्यांनी नकार दिला होता आणि त्यापायी त्यांच्या धंद्यालाही झळ बसली होती, हे खरं. पण शेजारच्या शेतावर बॉम्ब पडत असताना माणूस किती बोलला, याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. मला वाटतं, पुढच्या पस्तीस वर्षांच्या खिळ्यांमागे तो जुना हिशेब कुठेतरी असावा. हा माझा तर्क. कार्टर असं म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही.

१९८० ची निवडणूक ते हरले. व्हाइट हाउसमधल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून निरोपाला सुतारकामाची हत्यारं दिली. छप्पन्न वर्षांचा, दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या धंद्याचा मालक, देशाने नाकारलेला माणूस घरी बसून रंधा मारू लागला. लाकूडकाम त्यांना येत होतं, नुसता छंद नव्हता. १९८४ च्या आरंभी फुलर त्यांच्या दारात गेले. कार्टर अमेरिकसमधल्या एका घरावर येऊन काम करून गेले, आणि त्या सप्टेंबरात जॉर्जियाहून स्वयंसेवकांना घेऊन बसने थेट न्यूयॉर्कला. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला एक सहा मजली पडीक इमारत होती. मजले कोसळलेले, आत आगी लागून गेलेल्या, गर्दुल्ल्यांचा वावर. तिच्यात १९ कुटुंबांसाठी घरं करायची होती. रात्रीचा मुक्काम एका चर्चमध्ये, एकावर एक रचलेल्या खाटांवर.

माजी राष्ट्राध्यक्ष बसमधून उतरून कोसळलेल्या मजल्यावर तुळई ठोकतोय, हे दृश्य वर्तमानपत्रांनी उचललं. संस्थेकडे देणग्यांचा आणि माणसांचा ओघ लागला. कार्टर मात्र कामाच्या जागी फोटोवाल्यांना फारसे जुमानत नसत. चहापाण्यात रेंगाळणाऱ्यांवर त्यांची नजर असे. तेव्हापासून दरसाल एक आठवडा, ते आणि पत्नी रोझलिन कुठे ना कुठे बांधकामावर. शिकागो, तिहुआना, हंगेरी, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया, डर्बन.

हौशी हातांच्या कामाची चेष्टाही होत आली आहे. हातोडा वाकडा पडतो, ओळंबा कुणी बघत नाही, एका खिळ्याच्या जागी तीन ठोकले जातात. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने मायामीच्या दक्षिणेकडची वस्तीच्या वस्ती भुईसपाट केली, तेव्हा ठेकेदारांनी झपाट्याने उठवलेल्या घरांची छपरं उडाली आणि हॅबिटॅटची घरं जागेवर राहिली. कारण सांगितलं गेलं ते हेच, हौशी माणूस घाबरून जास्तीचे खिळे ठोकतो. उलट बाजूही आहे. २००२ मध्ये अलाबामात संस्थेच्या लोकांनी एक घर ३ तास २६ मिनिटांत बांधून विक्रम केला. कशासाठी, देव जाणे. राहणाऱ्याला तिथे वीस वर्षं हप्ते भरायचे असतात. त्याला तीन तासांची घाई नसते.

आता महाराष्ट्राकडे. पण मळवलीच्या आधी विक्रोळी.

जिमी कार्टर यांच्या आई लिलियन. जन्म १५ ऑगस्ट १८९८, पेशाने परिचारिका. प्लेन्समध्ये काळ्या कुटुंबांच्या घरात जाऊन शुश्रूषा करायची, गाव काय म्हणेल याची फिकीर नाही, अशी बाई. नवरा गेला, मुलं मार्गी लागली, आणि १९६६ मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या ‘पीस कोअर’मध्ये नाव नोंदवून भारतात आल्या. नेमणूक झाली मुंबईला, विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत. आधी कुटुंबनियोजनाचं काम, मग दवाखाना. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली. सत्तरावा वाढदिवस, १५ ऑगस्ट १९६८ चा, विक्रोळीतच उजाडला. त्याच वर्षी त्यांच्या प्लेन्समधल्या घरापासून काही मैलांवर फुलर आणि जॉर्डन बिनव्याजी घरांचा बेत आखत होते. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची दखल असायचं कारण नव्हतं.

अडतीस वर्षांनी, २००६ च्या ऑक्टोबरअखेर, लिलियनबाईंचा ब्याऐंशी वर्षांचा मुलगा हातोडा घेऊन मळवलीला आला.

पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना मळवली माहीत असतं ते ट्रेकच्या निमित्ताने. स्टेशनात उतरलं की एका अंगाला भाजे, वर लोहगड आणि विसापूर. दुसऱ्या अंगाला इंद्रायणी आणि पलीकडे कार्ला. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, एरवी स्टेशन पेंगत असतं. त्या आठवड्यात तिथे तीसेक देशांतून दोन हजारांच्या घरात स्वयंसेवक जमले आणि शंभर घरांचं काम उभं केलं. ब्रॅड पिट तेव्हा पुण्यात एका चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या निमित्ताने मुक्कामाला होता, तोही येऊन गेला. साहजिकच बातम्यांत तोच जास्त दिसला.

अशा ‘कार्टर आठवड्या’ची रीत ठरलेली असते. जोती आधीच भरून घेतलेली असतात. प्रत्येक घरावर एक टोळी, टोळीला एक जाणता मुकादम, आणि ज्यांचं घर तेही त्याच टोळीत. थापी कशी धरायची इथपासून शिकवणी. माल कालवायचा, घमेली हातोहात पुढे सरकवायची, विटेवर वीट बसली की दोरीला लावून बघायची. आपल्याकडचा गवंडी अर्ध्या तासात जे करतो त्याला या मंडळींना सकाळ लागते. आणि इथे एक रोखठोक प्रश्न विचारायलाच हवा. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका माणसाच्या विमानाच्या तिकिटात मावळातल्या गवंड्याची आणि त्याच्या दोन बिगाऱ्यांची किती दिवसांची मजुरी निघाली असती? स्वयंसेवक खर्च स्वतःच्या खिशातून करतात, वर देणगीही देतात, हे मान्य. पण ज्या तालुक्यात हाताला काम मागणारे गवंडी आहेत, तिथे फुकटचे हौशी हात आणणं ही मदत की चैन?

संस्थेचं उत्तर ठरलेलं असतं: आलेला माणूस बदलून परत जातो आणि आयुष्यभर निधी उभा करतो. त्यात तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या त्या बसने ते सिद्ध केलं. तरी मला हे उत्तर अपुरं वाटतं. कारण ते हातोड्याचं समर्थन आहे, वहीचं नाही. अमेरिकसमध्ये हातोडा मारणारा आणि हप्ता भरणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते. एकाच्या घराचा हप्ता थकला तर दुसऱ्याला कळत होतं. मळवलीत शुक्रवारी पाहुणे बॅगा भरून गेले, आणि घर, भिंतीची ओल आणि पुढची सगळी वर्षं तिथे राहणाऱ्यांकडे उरली.

परक्या मुलखातल्या माणसाने या खोऱ्यात बांधकामाला हातभार लावण्याची मात्र ही पहिली वेळ नव्हे. समोरच्या डोंगरातल्या कार्ल्याच्या चैत्यात खांबाखांबावर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे ‘यवन’ आहेत, म्हणजे ग्रीक मुळाचे किंवा तसं म्हणवले जाणारे. एक शिलालेख आहे तो वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा. त्यात या लेण्याला म्हटलंय ‘सेलघर’, दगडाचं घर. आणि दर्शनी दाराचं काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सुताराचंही नाव तिथे आहे, वेणुवासाचा मुलगा सामि. शेठजीच्या बरोबरीने सुताराचं नाव भिंतीवर असणं मला त्या लेण्यातल्या कुठल्याही शिल्पाइतकंच बघण्यासारखं वाटतं. मळवलीला आलेल्या दोन हजारांपैकी किती जण नदी ओलांडून तिकडे गेले असतील कोण जाणे.

मळवलीच्या त्या सोहळ्यात एक माणूस नव्हता. मिलार्ड फुलर.

जानेवारी २००५ च्या शेवटच्या दिवशी संस्थेच्या संचालक मंडळाने फुलर आणि लिंडा दोघांनाही काढून टाकलं होतं. एका महिला कर्मचाऱ्याशी गैरवर्तन केल्याचा आरोप फुलर यांच्यावर झाला होता. त्यांनी तो नाकारला. मंडळाच्या चौकशीत पुरेसा पुरावा निघाला नाही. पण त्यावरून सुरू झालेला जाहीर वाद संस्थेला फोडतोय, असं कारण देऊन मंडळाने संबंध तोडले. कार्टर यांनी मध्यस्थी करून पाहिली, ती फळली नाही. त्याआधीही खडाखडी होतीच. संस्था शंभराच्या आसपास देशांत पसरलेली, कार्यालयं, लेखापरीक्षक, मोठमोठ्या कंपन्यांच्या देणग्या. आणि संस्थापक अजून गावोगाव भाषणं ठोकत, जुनी गाडी चालवत, काम झालं पाहिजे, नियम मागून बघू, या वृत्तीचा. त्याच वर्षी संस्थेचं दोन लाखावं घर पुरं झालं. फुलर तेव्हा संस्थेबाहेर होते.

सत्तरीतला माणूस गप्प बसेल असं मंडळाला वाटलं असेल तर ते फुलर यांना ओळखत नव्हते. काही आठवड्यांत ते कोइनोनियावर परत गेले आणि तिथेच नवी संस्था काढली. पुन्हा तोच निधी, तोच बिनव्याजी हप्ता. ३ फेब्रुवारी २००९ ला ते अचानक गेले. त्यांनाही कोइनोनियाच्याच टेकाडावर, साध्या लाकडी पेटीत पुरलं, जॉर्डन यांच्यापासून जवळच.

कार्टर त्यानंतरही दहा वर्षं खिळे ठोकत राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये, पंचाण्णव पुरे झाले आणि लगेच ते घरी पडले. कपाळाला टाके, डोळा काळानिळा. त्याच अवस्थेत ते नॅशव्हिलला बांधकामावर हजर झाले. २०२३ च्या नोव्हेंबरात रोझलिन गेल्या, २०२४ च्या डिसेंबरात कार्टर, शंभरी गाठून. त्यांच्यासाठी देशाचे झेंडे अर्ध्यावर उतरले.

जॉर्डन आणि फुलर यांच्या कबरींवर दगड नाही, नावही नाही. शेतावर जाऊन विचारावं लागतं, मग कुणीतरी झाडांखालची जागा दाखवतं. शेत चालू आहे. पेकान अजून पोस्टाने मागवता येतात.